तोमिएच्या सुरीची चीर

ओबाता योशिझोला कुणाचं काही चांगलं झालेलं पाहवत नसे, आणि हे त्याला स्वतःलाही ठाऊक होतं. शेजाऱ्याने बर्फ ढकलायचं नवं यंत्र आणलं की याची भूक मंदावायची. थोरल्या भावाच्या शेतात बटाटा भरघोस निघाला की हा आठवडाभर बटाट्याला शिवायचा नाही. माणूस वाईट नव्हता. कुणाचं नुकसान त्याने कधी केलं नाही. दुसऱ्याचं भलं झालं की त्याच्या पोटात दुखायचं, एवढंच, आणि ते कुणाला कळू नये म्हणून तो फार जपायचा. कळायचं सगळ्यांनाच.

तो आतल्या पठारावरचा, शेतकऱ्याच्या घरचा धाकटा मुलगा. जमीन थोरल्याकडे गेली, तशी ती जातेच. धाकट्याने समुद्रकाठच्या या गावात येऊन बटाट्याच्या स्टार्चच्या कारखान्यात नोकरी धरली आणि निवृत्त होईपर्यंत पांढरा भुगा केसांत घेऊन घरी येत राहिला. बायको केली ती उतोरोकडच्या कोळ्याची मुलगी, तोमिए. लग्नात थोरला भाऊ म्हणाला होता, "योशिझोने मासाच पकडला की." योशिझो हसला होता, पण ते वाक्य त्याने जपून ठेवलं. बायको आपण पकडली, आपल्या मालकीची, हे त्याच्या डोक्यात तेव्हापासून पक्कं बसलं.

एकच जागा अशी होती जिथे त्याला कुणावर जळावं लागत नसे. ती म्हणजे सप्टेंबरातला किनारा. सॅल्मन आपापल्या नद्यांकडे परतायला लागले की अख्ख्या गावातले पुरुष पहाट फुटायच्या आत गोट्यांच्या त्या किनाऱ्यावर खांद्याला खांदा लावून उभे राहतात आणि गळ फेकतात. या ओळीत ओबाताचा शब्द चालायचा. ऑगस्ट संपत आला की तो पुढच्या खोलीत टेबल मांडायचा. पत्र्याचे चमचे कानशीने घासायचे, एका बाजूला लाल रंग द्यायचा, दुसऱ्या बाजूला सोनेरी वर्ख. मासा चमच्याला भुलतो, खायला म्हणून नव्हे, चिडून तोंड मारतो, असं तो सांगायचा. मग तंगुसावर, म्हणजे गळाच्या नायलॉनच्या दोरीवर, आधी तरंगा, तरंग्याखाली हातभर तंगूस मोकळं, मग चमचा, चमच्याखाली गळ, गळावर गुलाबी रबराची झालर. गाठ मारताना तंगूस जिभेवर ओलं करून ओढायचा, आणि ती ओढताना डोळे मिटायचा. त्याच्या गाठी सुटत नसत.

झालरीखाली गळाला आमिष लागतं, ते तोमिए करायची. बांगड्याच्या पट्ट्या कापायच्या, मिठात घालायच्या, लाल रंग लावून बरणीत भरायच्या. पट्टी बोटाएवढी लांब, एका टोकाला रुंद, दुसरीकडे निमुळती. आणि प्रत्येक पट्टीच्या रुंद टोकाला एक बारीक चीर. लग्नाच्या पहिल्याच वर्षी ओबाताने ठरवून टाकलं होतं की हिची सुरी शेवटी घसरते. मोठ्या मनाचा माणूस, त्यामुळे तिला कधी बोलला नाही. निमुळतं टोक गळात सहज जातं म्हणून तो तेच ओवायचा आणि चिरेचं टोक मागे लोंबत ठेवायचा. चमचा त्यामुळे पाण्यात थोडा भलतीकडे ओढायचा, तर त्याने चमचेच जड करून घेतले. असा हा संसार चालला होता. ती ओट्यापाशी, तो किनाऱ्यावर.

आणि मग कुसाका आला.

कुसाका न्हावी होता. पन्नाशीचा, विधुर, उंच, आणि केस असे बसवलेले की समुद्रावरच्या वाऱ्यालाही ते विस्कटायचा धीर होत नसावा. कुशिरोहून आला आणि स्टेशनाजवळचं बंद पडलेलं सलून त्याने उघडलं. दाराशी दुकानाची खूण म्हणून असतं ते लाल-निळं नळकांडं पुन्हा फिरायला लागलं. या गावातल्या बायका चेहऱ्यावरची लव काढायला न्हाव्याकडे जातात, पहिल्यापासून जातात, त्यात कुणाला काही वाटत नाही. पण आधीचा न्हावी सत्तरीचा होता आणि त्याचा हात थरथरायचा. कुसाकाचा हात थरथरत नव्हता.

पहिल्या वर्षी कुसाका किनाऱ्यावर दिसला तो नवशिक्यासारखा, ओळीच्या टोकाला. फेकायचा छान, लांब आणि सरळ, पण मासा लागायचा नाही. ओबाताला तो फार आवडला. दुसऱ्या वर्षी तो सरकत सरकत ओबाताच्या उजव्या हाताशी येऊन उभा राहिला, आणि त्याला मासा लागायला लागला.

ओबाताच्या डाव्या हाताला वर्षानुवर्षं इगाराशी उभा राहायचा. पोस्टातून निवृत्त झालेला, जगाची पत्रं वाटून झाल्यावर आता जगाची बातमी वाटायचा.

"ओबाता, तुझा चमचा आज नुसता सूप ढवळतोय वाटतं," इगाराशी म्हणाला.

"पाणी गार आहे."

"न्हाव्याच्या बाजूला गरम असेल मग."

काळा चष्मा लावून ओबाता कुसाकाचं सगळं बारकाईने बघायचा. तरंगा तोच, दुकानातला. चमचा साधा, विकतचा, रंग उडालेला. ओढायचा वेगही कूर्मगतीचा, सगळ्यांचा असतो तसाच. राहिली खोली. तरंग्यापासून चमच्यापर्यंत तंगूस किती सोडलंय, त्यावर चमचा किती खोल पोहतो ते ठरतं, आणि मासा त्या दिवशी कुठल्या थरात आहे ते ज्याला कळलं त्याचा दिवस. आता या किनाऱ्यावर खोली कुणी कुणाला विचारत नाही. विचारली तर समोरच्याने खरं सांगायचं, पण विचारणारा त्या दिवसापासून त्याच्यापुढे धाकटा. सकाळी आधी नमस्कार विचारणाऱ्याने करायचा, जागाही त्यानेच सोडायची. ओबाताला आजवर अर्ध्या किनाऱ्याने विचारलं होतं. त्याने कुणालाच नाही.

त्याने कुसाकाची खोली नजरेने मोजली आणि तेवढंच तंगूस सोडलं. मासा कुसाकालाच लागला. चार बोटं, वीतभर कमी-जास्त करून पाहिलं. मासा कुसाकालाच लागला. ओबाताच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला, पण चेहऱ्यावर त्याने हसू ठेवलं. इगाराशी म्हणायचा की ते हसू पाहूनच मासे पळत असावेत.

ऑक्टोबर लागला तेव्हाची गोष्ट. कुसाकाने एक मोठा नर मागे सरकत सरकत गोट्यांवर ओढून आणला, डोक्यात दांडकं घातलं आणि गळ सोडवला. सोडवताना गळाचं आमिष उडून ओबाताच्या बुटाशी पडलं. लाल पट्टी. एका टोकाला निमुळती, दुसऱ्याला रुंद, आणि रुंद टोकाला चीर. चीर जरा फाकली होती, माशाच्या दातांनी असेल असं त्याला वाटलं. त्याने बूट बांधायचं निमित्त करून वाकून ती उचलली आणि खिशात घातली.

किनाऱ्यावर दुसऱ्या कुणाला ती पट्टी साधी पट्टी वाटली असती. ओबाताला ती बायकोच्या हस्ताक्षरासारखी ओळखीची होती. तीच जाडी, तोच रंग, आणि सुरी घसरल्याची तीच खूण. एवढी वर्षं ज्या चुकीकडे त्याने मोठ्या मनाने दुर्लक्ष केलं, ती चूक आता दुसऱ्या पुरुषाच्या गळाला लोंबत होती. आपली बायको या माणसाला आमिष कापून देते, आणि आपल्याला सांगत नाही. त्यापुढचा विचार त्याने केला नाही, तो आपोआपच होत गेला.

घरी गेला तर तोमिए भात वाढत होती. चेहरा गुळगुळीत, तुकतुकीत.

"न्हाव्याकडे गेली होतीस?"

"गेले होते. कसा दिसतोय?"

"तसाच."

"मग पुढच्या वेळी जरा जास्त वेळ बसते," तोमिए म्हणाली आणि सोया सॉसमध्ये मुरवलेली सॅल्मनची अंडी त्याच्या भातावर वाढली. ती अंडी गेल्या आठवड्यात त्याने पकडलेल्या एकुलत्या एका मादीची होती. मग त्याला शंका आली, ती तरी आपल्याच मादीची आहेत का. एका मादीत एवढी निघतात का. त्याने जेवायच्या काड्या खाली ठेवल्या.

"बरणीत पट्ट्या कमी दिसतात," तो म्हणाला.

"मोसम संपत आला. संपणारच."

"मी एवढ्या वापरल्या?"

"मग मी खाल्ल्या का?" ती हसली आणि मिसो सूप आणायला उठली. जाता जाता काहीतरी गुणगुणत होती. तोमिए गुणगुणत नसे. निदान त्याच्या आठवणीत तरी नाही. त्या दिवशी ओबाता एक गोष्ट नव्याने शिकला, की भावाच्या बटाट्यावर जळणं म्हणजे काहीच नव्हे. हा मत्सर जेवण खाली उतरू देत नाही, आणि ज्या बाईशी आपण इतकी वर्षं हवापाण्यापलीकडे बोललो नाही तिच्या प्रत्येक हालचालीवर नजर ठेवायला लावतो. तिच्या मानेवर तीळ आहे हे त्याला त्या आठवड्यात पुन्हा दिसलं.

दोन दिवसांनी किनाऱ्यावर त्याने ते केलं, ज्याची लाज त्याला पुढे बरेच दिवस वाटली. ओळीतला साधा शिरस्ता आहे. शेजाऱ्याने 'लागला' म्हटलं की दोन्ही बाजूच्यांनी आपलं तंगूस ताबडतोब गुंडाळून घ्यायचं आणि त्याला वाट द्यायची. लहान पोरसुद्धा हे पाळतं.

"लागला," कुसाका म्हणाला.

उजवीकडच्याने भराभरा गुंडाळलं. ओबाताने ऐकलंच नाही असं करून आपला चमचा होता तसाच संथपणे ओढत ठेवला. मासा डावीकडे धावला, सरळ त्याच्या तंगुसावरून. दोघांच्या गळाच्या काठ्या एकदम वाकल्या आणि मग कुसाकाची एकदम सरळ झाली. तंगूस तुटलं होतं.

ओळीतल्या माना वळल्या.

"दिसलं नाही तुला?" इगाराशीने विचारलं.

"डोळ्यांवर ऊन आलं."

"आभाळ भरलंय, ओबाता."

कुसाका गोट्यांवर गुडघे टेकून गुंता सोडवायला लागला. "नाही, माझंच तिरकं पडलं असणार. माफ करा, ओबाता-सान." त्याने ओबाताचा चमचा सोडवला, स्वतःच्या रुमालाने पुसला आणि दोन्ही हातांनी परत दिला. "रंग सुरेख देता तुम्ही. घरी चमचे सुकत घातलेले असतात तेव्हा बघण्यासारखे..." तो मध्येच थांबला. "म्हणजे, लोक सांगतात."

"कोण लोक?"

"लोक म्हणजे... गिऱ्हाइकं."

"तुमचं आमिषही छान असतं. कुठून आणता?"

कुसाकाचे कान लाल झाले. त्याने समुद्राकडे पाहिलं. "एका ओळखीच्यांकडून. कुणाला सांगायचं नाही असं ठरलंय आमचं."

'आमचं' हा शब्द ओबाता घरी घेऊन गेला.

त्या सोमवारी संध्याकाळी त्याला आणखी एक गोष्ट दिसली. निवृत्त झाला तरी बटाट्याच्या मोसमात सोमवारी आणि गुरुवारी तो कारखान्याच्या फाटकावर गाड्यांना वाट दाखवायला जायचा. परत आला तेव्हा दाराशी खुंटीवर त्याचा जुना पिवळा रेनकोट टांगलेला होता, ओला. दिवसभर पावसाचा थेंब नव्हता. बाहीवर त्याने बोट फिरवून जिभेला लावलं. खारट. न्हाव्यांची दुकानं सोमवारी बंद असतात हे त्याला त्या क्षणी आठवलं. माझा रेनकोट घालून जाते, ही गोष्ट त्याला सगळ्यात जास्त लागली. दुसऱ्याबरोबर जायचं तर निदान कोट तरी दुसऱ्याचा घालावा.

विचारावं, असं त्याला वाटलं. पण विचारलं आणि तिने खरं सांगितलं तर काय करायचं, हे त्याला माहीत नव्हतं. ती निघून गेली तर या घरात त्याला चहाचे डबे कुठे असतात तेही सापडलं नसतं, आणि चहाचं तर एक वेळ जाऊ दे. संध्याकाळी दार सरकवल्यावर आतून 'आलात?' असं कुणी म्हणणार नाही, हे त्याला नको होतं. त्याने पुढचा सोमवार येईपर्यंत कळ काढली.

त्या सोमवारी त्याने फाटकावरच्या जोडीदाराला दात दुखतो म्हणून सांगितलं. आधी स्टेशनाजवळून गाडी नेली. नळकांडं थांबलेलं, पडदे ओढलेले. मग घर. तोमिएची सायकल नव्हती. मग किनारा. नेहमीची ओळ जिथे उभी राहते तिथून बरंच पलीकडे, बंधाऱ्याच्या मागे, कुणी जात नाही अशी एक लहान खाच आहे. तिथे सलूनची पांढरी गाडी दिसली आणि तिला टेकवलेली सायकल. ओबाताने आपली गाडी लांब लावली आणि बंधाऱ्याच्या कडेकडेने चालत गेला. तिथे काय दिसेल याची त्याने मनात सगळी तयारी केली होती. जे दिसलं त्याची केली नव्हती.

कुसाका एका बाजूला उभा होता, चार-पाच काठ्यांचं अंतर ठेवून, आपली काठी घेऊन. त्याच्या डावीकडे पिवळा रेनकोट. छातीपर्यंतची रबरी विजार घातलेली, पाय फाकून लाटेत उभी. तिने काठी मागे नेली, क्षणभर थांबली, आणि फेकली. तरंगा सरळ, लांब, वाऱ्याच्या खालून गेला आणि आवाज न करता पाण्यावर बसला. ओबाताला तशी फेक जमायला वर्षं लागली होती. त्याने आधी फेक पाहिली आणि मग पाहिलं की ती आपली बायको आहे.

तरंगा बुडाला.

"लागला," तोमिए म्हणाली. कुसाकाने लगेच आपलं तंगूस गुंडाळलं आणि मागे झाला. मदतीला हात लावला नाही, काही सांगितलं नाही. तोमिए काठी उभी धरून एक एक पाऊल मागे सरकत राहिली, घाई नाही, ढिलाई नाही, आणि लाटेबरोबर एक चकचकीत मादी गोट्यांवर येऊन आपटली. मग तोमिए हसली. मोठ्याने, तोंडावर हात न धरता. हे हसणं ओबाताने कधी ऐकलं नव्हतं. न्हाव्यावरचा त्याचा सगळा राग तिथल्या तिथे विझला, आणि त्याच्या जागी दुसराच मत्सर उभा राहिला. त्याला ती मादी हवी होती, ती फेक हवी होती, आणि सगळ्यात जास्त ते हसू हवं होतं, आपल्या बाजूला उभं असताना आलेलं.

तो बंधाऱ्यावरून खाली उतरला. कुसाकाने त्याला पाहिलं, कमरेत वाकला, आणि "मी जरा नूडल्ससाठी पाणी गरम करतो," असं म्हणून गाडीकडे गेला. शहाणा माणूस.

"दात दुखतोय का तुमचा?" तोमिएने विचारलं.

"तुला कुणी सांगितलं?"

"फाटकावरून मोबाइलवर फोन आला होता. बर्फ लावा म्हणाले." तिने मादीच्या कल्ल्यात सुरी घातली आणि रक्त वाहू दिलं.

"कधीपासून चाललंय हे?"

"गेल्या शरदाच्या अखेरीपासून. सोमवारी तुम्ही नसता, त्यांचं दुकान बंद असतं."

ओबाताने खिशातून ती पट्टी काढली. वाळून कडक झाली होती. "ही त्याच्या गळातली. तुझीच आहे."

"माझीच. मग?"

"त्याला का दिलीस?"

"त्यांनी फेकायला शिकवलं, मी आमिष दिलं. फुकट शिकायला लाज वाटते मला."

"माझ्याकडून शिकली असतीस."

तोमिएने सुरी पाण्यात धुतली आणि मगच मान वर केली. "लग्न झालं त्या वर्षी विचारलं होतं. मलाही न्या, म्हटलं. तुम्ही म्हणालात, ओळीत बायका उभ्या राहत नाहीत, लोक हसतील. पोर झाल्यावर एकदा विचारलं. थंडी वाजेल म्हणालात. मग नाही विचारलं."

त्याला यातलं काहीही आठवत नव्हतं, आणि ते खरं आहे याबद्दल शंकाही नव्हती.

"मला सांगायचंस तरी."

"सांगितलं असतं तर शेजाऱ्याच्या यंत्रासारखं झालं असतं. तुम्ही जेवला नसतात." ती हे रागाने बोलली नाही, आणि म्हणून ते जास्त लागलं. "काठी आणलीय ना गाडीत? मग आणा. मासा आत आलाय, उभं राहून काय होणार."

तो काठी घेऊन आला. काय करावं हे सुचत नसलं तर माणूस येतं ते काम करतो. त्याने तिच्या बरणीतून पट्टी घेतली, झालर वर सरकवली आणि निमुळतं टोक गळात ओवलं.

तोमिए बघत होती. बघता बघता तिचा चेहरा बदलला.

"अहो, हे काय करताय?"

"आमिष लावतोय."

"असं लावता तुम्ही?"

"असंच लावतो. का?"

"नेहमी असंच?"

"नेहमी."

मग तिने त्याच्या हातातून गळ घेतला, पट्टी काढली, उलटी केली, आणि रुंद टोकाच्या त्या चिरेतून गळ आत घालून वळवला. पट्टी गळाच्या मधोमध बसली आणि निमुळती शेपटी सरळ मागे लोंबली. "ही चीर कशासाठी आहे असं वाटलं तुम्हाला?"

ओबाताला खोटं सुचेना. "मला वाटलं, तुझी सुरी घसरते."

"सुरी घसरते?"

"शेवटी. प्रत्येक वेळी."

"आमचे बाबा असंच लावायचे. सात वर्षांची होते तेव्हापासून कापते मी. एकसुद्धा चीर वाकडी जाऊ दिली नाही कधी." ती हसली नाही. तिचे डोळे भरून आले होते आणि ती ते लपवत नव्हती. "इतकी वर्षं मी प्रत्येक पट्टीला चीर देत राहिले, अहो. आणि तुम्हाला वाटत राहिलं, सुरी घसरते."

"कुसाकाला तू सांगितलंस."

"त्यांनी विचारलं. पहिल्याच दिवशी. ही चीर कशाला, म्हणाले."

एवढंच होतं सगळं. न्हाव्याची करामत चमच्यात नव्हती, तंगुसात नव्हती, हातात नव्हती. त्याने विचारलं होतं. ओबाता उलट्या हाताने नाक पुसत उभा राहिला. जड चमचे त्याला आठवले, भलतीकडे ओढणाऱ्या चमच्याला सरळ करायला त्याने घालवलेले हिवाळे आठवले, आणि किनाऱ्यावर त्याने मोठेपणाने सांगितलेलं शहाणपण आठवलं. लाज वाटली. पण लाजेपेक्षा मोठी गोष्ट ही होती, की ही बाई रोज ओट्यापाशी उभी राहून त्याच्यासाठी काहीतरी नीट करत होती आणि तो ते माफ करत होता.

दोघांनी गळ फेकले. त्याचा चमचा पहिल्यांदाच सरळ पोहत आला, हाताला ते कळत होतं. तरीही तरंगा बुडाला तो तिचाच.

"लागला," तोमिए म्हणाली.

ओबाताने इतक्या घाईने तंगूस गुंडाळलं की चमचा येऊन काठीच्या टोकावर आपटला. मग तो काठी उभी धरून बाजूला झाला आणि तिला मागे सरकायला वाट दिली. पोटात दुखलं. नाही असं कशाला म्हणा, चांगलंच दुखलं. मासा गोट्यांवर आला तेव्हा ती पुन्हा हसली, आणि या वेळी तो बाजूला होता.

"खोली किती ठेवलीस?" त्याने विचारलं.

तोमिएने वळून त्याच्याकडे पाहिलं. कोळ्याची मुलगी, किनाऱ्याचा शिरस्ता तिला माहीत होता. गाडीपाशी कुसाकाने नूडल्सच्या पेल्यातून मान वर केली आणि पुन्हा घाईघाईने खाली घातली.

"सव्वा हात," ती म्हणाली. "माझा हात. तुमचा नाही."

आता ओळीत ओबाताच्या उजव्या बाजूला तोमिए उभी राहते. पहिल्या दिवशी कुणी हसलं नाही, इगाराशी सोडून, आणि तोही फक्त यामुळे हसला की सकाळी ओबाताने बायकोला आधी नमस्कार केला. कुसाकाला तिच्या पलीकडची जागा हवी होती, पण ओबाताने त्याला नेमकं इगाराशीच्या पलीकडे सरकवलं. स्वभाव जात नाही. तिला दोन मासे लागले आणि याला एक, तर घरी येईपर्यंत हा गप्प असतो, आणि तिला तीन लागले तर जेवतानाही. पण लागला म्हटलं की सगळ्यात आधी तंगूस गुंडाळतो तो हाच.

पट्ट्या आता दोघं कापतात, ओट्यापाशी शेजारी उभे राहून. शेवटची चीर द्यायची वेळ आली की ओबाता तंगूस ओढताना मिटायचा तसे डोळे अर्धे मिटतो आणि जपून सुरी टेकवतो. त्याची सुरी मात्र खरोखरच घसरते. तोमिए ती वाकड्या चिरेची पट्टी उचलते, उजेडात धरून बघते, आणि काही न बोलता बरणीत सगळ्यात वर ठेवते. दुसऱ्या दिवशी पहाटे ती आपल्या गळाला सगळ्यात आधी तीच पट्टी लावते.